'समायोजन' कोणाचे? : अमेरिकेतील व्यापार समायोजन सहाय्य योजनेची चिकित्सा

प्रस्तावना

मुक्त व्यापारामुळे राष्ट्राचे एकूण उत्पन्न वाढते, हा अर्थशास्त्रातील सर्वाधिक मान्यता पावलेल्या सिद्धान्तांपैकी एक आहे. मात्र ही वाढ सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही त्याच शास्त्राने मान्य केलेले आहे. स्वस्त आयातीचा लाभ कोट्यवधी ग्राहकांमध्ये थोडाथोडा विखुरतो. तिची झळ मात्र ठरावीक उद्योगांतील, ठरावीक गावांतील कामगारांना एकवटून सोसावी लागते. या विषमतेचे उत्तर म्हणून निकोलस काल्डॉर व जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये भरपाईचे तत्त्व मांडले. ज्यांचा लाभ झाला ते ज्यांची हानी झाली त्यांना भरपाई देऊनही लाभात राहू शकत असतील, तर तो बदल समाजाच्या हिताचा मानावा, असा त्याचा आशय आहे. या तत्त्वातील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. भरपाई 'देऊ शकतील' एवढेच ते म्हणते. ती प्रत्यक्ष 'दिली' पाहिजे, असे म्हणत नाही.

अमेरिकेच्या संघराज्य शासनाने १९६२ मध्ये सुरू केलेली व्यापार समायोजन सहाय्य योजना म्हणजे या दोन क्रियापदांमधील अंतर कायद्याने बुजविण्याचा प्रयत्न होय. परदेशी आयातीमुळे नोकरी गमावलेल्या कारखाना-कामगारांना निर्वाहभत्ता, पुनर्प्रशिक्षण व पुढे आरोग्यविम्यासाठी करसवलत देणारी ही योजना जवळजवळ ६० वर्षे चालली आणि १ जुलै २०२२ पासून समाप्तीच्या टप्प्यात गेली. नव्या कामगारगटांच्या अर्जांची चौकशी तेव्हापासून थांबली. २०१८ पासून अमेरिकेत आयात शुल्कवाढीचे राजकारण प्रबळ झाले आणि २०२५ मध्ये ते अधिकच तीव्र झाले. ज्या देशाने आयातीच्या झळीबद्दल इतका गहजब केला, त्याच देशाने झळ लागलेल्यांना साहाय्य करणारी योजना फारशा गाजावाजाविना मिटू दिली. ही विसंगती चिकित्सेस पात्र आहे.

प्रस्तुत लेखात या योजनेचा इतिहास, तिच्या कायद्याची भाषा, प्रत्यक्ष अंमलबजावणी आणि तिच्यावरील टीका यांचा परामर्श घेतला आहे. योजनेमागील नैतिक भूमिका योग्य होती, परंतु कायद्याने 'भरपाई'चे रूपांतर 'सहाय्या'त आणि सहाय्याचे रूपांतर 'समायोजना'त केले. या दोन पायऱ्यांवर योजनेचा मूळ आशय क्षीण होत गेला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कल्पनेचा जन्म : तत्त्व आणि सौदा

या कल्पनेचा उगम कामगार चळवळीत आहे, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. परराष्ट्रीय आर्थिक धोरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या रँडल आयोगासमोर १९५४ मध्ये पोलाद कामगार संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडॉनल्ड यांनी ती मांडली. ते स्वतः आयोगाचे सदस्य होते. आयोगाच्या बहुमताने ती फेटाळली. तथापि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे तरुण सिनेटर जॉन केनेडी यांनी त्या आशयाचे विधेयक मांडले. केनेडी ज्या राज्यातून निवडून येत असत, त्या न्यू इंग्लंड प्रांतातील कापडगिरण्या तेव्हाच ओस पडू लागल्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

अध्यक्ष झाल्यानंतर केनेडी यांना युरोपच्या सामायिक बाजारपेठेशी शुल्ककपातीच्या वाटाघाटी करावयाच्या होत्या आणि त्यासाठी काँग्रेसकडून व्यापक अधिकार हवे होते. १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात समायोजन सहाय्याची तरतूद झाली ती या पार्श्वभूमीवर. राष्ट्रीय धोरण म्हणून शासन आयात खुली करीत असेल, तर त्यामुळे होणाऱ्या हानीचा संपूर्ण भार त्या कामगारावर टाकणे न्याय्य नाही, अशी केनेडी यांची भूमिका होती. ही भूमिका साध्या दयाबुद्धीची नव्हती. हानीचे एक कारण शासनाचीच कृती असल्याने शासनावर एक विशिष्ट उत्तरदायित्व येते, हे तिचे मर्म होते. धरणासाठी ज्याची जमीन गेली त्याला मोबदला देताना आपण जो युक्तिवाद करतो, त्याच जातीचा हा युक्तिवाद आहे.

परंतु तत्त्व जेवढे खरे तेवढाच सौदाही खरा. कामगार संघटनांचा पाठिंबा मिळविण्याचे साधन म्हणून ही तरतूद विधेयकात आली, आणि पुढील प्रत्येक टप्प्यावर तिचा हा जन्मगुण कायम राहिला. १९७४ चा व्यापार कायदा, उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराच्या अंमलबजावणीचा १९९३ चा कायदा, अध्यक्षांना वाटाघाटींचे अधिकार देणारा २००२ चा कायदा, कोरिया, कोलंबिया व पनामा यांच्याशी झालेल्या करारांच्या वेळचे २०११ चे नूतनीकरण आणि २०१५ चे नूतनीकरण, या सर्व प्रसंगी व्यापार खुला करण्याच्या मतदानासोबत ही योजना विस्तारली वा तगली. जेव्हा नवे करार करण्याची इच्छाच उरली नाही, तेव्हा सौद्याची गरज संपली आणि योजनाही संपली. कामगारांच्या वर्तुळात या योजनेला 'अंत्यविधीचा विमा' असे उपहासाने म्हटले जाई. अखेरीस तो उपहास योजनेलाच लागू पडला.

'महत्त्वाचे कारण' : कायद्याच्या भाषेची चिकित्सा

कोणत्याही कल्याणकारी योजनेचा खरा आशय तिच्या उद्देशिकेत सापडत नाही. तो पात्रतेच्या कलमांत सापडतो. १९६२ च्या कायद्यानुसार कामगारांना दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. आयातीतील वाढ ही मुख्यतः शासनाने दिलेल्या शुल्कसवलतीमुळे झाली, ही पहिली. आणि ती वाढच बेकारीचे मुख्य कारण आहे, ही दुसरी. चौकशीचे काम टॅरिफ कमिशनकडे होते. याचा परिणाम असा झाला की, १९६९ च्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे पहिल्या सात वर्षांत, एकाही कामगारगटाला पात्रतेचे प्रमाणपत्र मिळाले नाही. आठवड्याच्या वेतनाच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता देऊ करणारे कलम कागदावर उदार होते, पण त्या कलमापर्यंत पोहोचण्याचा दरवाजाच बंद होता.

१९७४ च्या कायद्याने हा दरवाजा किलकिला केला. शुल्कसवलतीशी संबंध दाखविण्याची अट गेली. चौकशी श्रम विभागाकडे आली. आयातीने बेकारीस 'महत्त्वाचा हातभार' लावला असला म्हणजे पुरे, आणि तो अन्य कारणांहून अधिक महत्त्वाचा असण्याची गरज नाही, अशी व्याख्या झाली. कोणत्याही तीन कामगारांना एकत्र येऊन अर्ज करता येऊ लागला. परिणामी १९८० मध्ये, जपानी मोटारींच्या स्पर्धेने आणि मंदीने मोटारउद्योग हवालदिल झाला असता, योजनेवरील वार्षिक खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचला. लाभ घेणाऱ्यांपैकी मोठा हिस्सा तात्पुरती कपात झालेल्यांचा होता. हे कामगार पुढे जुन्याच मालकाकडे रुजू झाले. ज्यांची नोकरी कायमची गेली त्यांच्यापर्यंत पैसा तुलनेने कमी पोहोचला. हेच निमित्त साधून रेगन प्रशासनाच्या काळात, १९८१ मध्ये, भत्त्याची रक्कम सामान्य बेकारभत्त्याच्या पातळीवर आणली गेली आणि तो बेकारभत्ता संपल्यानंतरच देण्याची तरतूद झाली. १९८८ मध्ये प्रशिक्षण ही भत्त्याची अट बनली.

येथे एक मूलभूत अडचण दिसते. कारखाना बंद पडण्याचे कारण क्वचितच एकेरी असते. जुनी यंत्रे, कर्जाचा बोजा, व्यवस्थापनाच्या चुका, ग्राहकांची बदललेली रुची, डॉलरचा विनिमय दर आणि आयात ही सर्व कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांतून 'आयातीचा हातभार' वेगळा काढणे अर्थशास्त्रज्ञालाही कठीण. ते काम श्रम विभागातील चौकशी-अधिकाऱ्याने, मालकाने दिलेल्या विक्रीच्या आकड्यांवरून आणि त्याच्या ग्राहकांना पाठविलेल्या प्रश्नावल्यांवरून, २००२ नंतर अवघ्या ४० दिवसांत करावयाचे असे. बेंजामिन हायमन या अर्थशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासाची पद्धतच या संदर्भात बोलकी आहे. अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे जाईल हे जवळपास यदृच्छेने ठरत असे, आणि काही अधिकारी इतरांपेक्षा मंजुरी देण्यात अधिक उदार होते. या फरकाचाच आधार घेऊन त्यांनी योजनेचे परिणाम मोजले. संशोधनाच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. न्यायाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा की, सारख्याच परिस्थितीतील दोन कामगारांपैकी एकाला मदत मिळावी आणि दुसऱ्याला मिळू नये, हे फाइल कोणाच्या टेबलावर गेली यावर अवलंबून राही.

भाषेच्या या काटेकोरपणाचे आणखी एक उदाहरण आपल्याशी थेट संबंधित आहे. कायद्यात 'वस्तू' बनविणाऱ्या कामगारांचा उल्लेख होता. या शतकाच्या आरंभी संगणक-आज्ञावली लिहिण्याची कामे भारतासारख्या देशांकडे जाऊ लागली. नोकरी गमावलेल्या अमेरिकी आज्ञावलीकारांनी अर्ज केले, तेव्हा आज्ञावली ही सीडीसारख्या मूर्त माध्यमावर नसेल तर ती 'वस्तू' नव्हे, असा पवित्रा श्रम विभागाने घेतला. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात हे दावे गेले, न्यायालयाने विभागाला खडे बोल सुनावले आणि २००६ मध्ये विभागाने आपली भूमिका बदलली. सेवाक्षेत्रातील कामगारांना स्पष्टपणे सामावून घेणारी दुरुस्ती २००९ मध्ये झाली, आणि प्रशिक्षणाच्या निधीची वार्षिक मर्यादा २२ कोटी डॉलरवरून ५७.५ कोटी डॉलरवर गेली. पुणे, बंगळूर वा हैदराबाद येथे जी नोकरी निर्माण झाली, तिची दुसरी बाजू सातासमुद्रापार एका शब्दाच्या व्याख्येत अडकून पडली होती, हे आपण क्वचितच विचारात घेतो.

प्रशिक्षणाची कसोटी : कन्नापोलिस

योजनेची खरी परीक्षा कापडउद्योगात झाली. उत्तर कॅरोलायना राज्यातील कन्नापोलिस हे कॅनन गिरण्यांनी वसविलेले गाव. टॉवेल आणि चादरी हीच त्याची ओळख. मराठी वाचकाला सोलापूरची आठवण व्हावी असे ते गाव. मालकी बदलत बदलत या गिरण्या पिलोटेक्स कंपनीकडे गेल्या आणि ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्सने दिवाळखोरी पत्करून टाळे लावले. देशभरातील तिच्या कारखान्यांतील सहा हजारांहून अधिक कामगार एकाच दिवशी बेकार झाले. त्यांपैकी बहुसंख्य उत्तर कॅरोलायनातील होते. त्या राज्याच्या इतिहासातील ही तोवरची सर्वांत मोठी कपात मानली गेली. वस्त्रव्यापारातील कोटापद्धती संपुष्टात येण्यास, म्हणजे १ जानेवारी २००५ या तारखेस, तेव्हा दीड वर्षही उरले नव्हते.

२००२ च्या सुधारित कायद्यानुसार या कामगारांना मिळू शकणारे लाभ कागदावर भरघोस होते. बेकारभत्ता व त्यानंतरचा व्यापारभत्ता मिळून, आणि मूलभूत शिक्षणाची जोड लागल्यास, १३० आठवड्यांपर्यंत आधार होता. आरोग्यविम्याच्या हप्त्याच्या ६५ टक्के एवढी करसवलत होती. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेतन-विमा होता. त्यानुसार नवी नोकरी कमी पगाराची असल्यास जुन्या-नव्या पगारांतील फरकाची निम्मी रक्कम, दोन वर्षांत कमाल १०,००० डॉलरपर्यंत मिळे. मात्र त्यासाठी २६ आठवड्यांच्या आत नवी पूर्णवेळ नोकरी मिळणे आवश्यक होते आणि नव्या नोकरीचे वार्षिक वेतन ५०,००० डॉलरच्या आत असावे लागे.

प्रत्यक्षात काय घडले? तीस-तीस वर्षे मागावर वा शिवणयंत्रावर काढलेल्या अनेकांचे शालेय शिक्षण अपुरे होते. गिरणीत काम हमखास मिळे, म्हणून शाळा सोडण्यात तेव्हा कोणाला काही वावगे वाटले नव्हते. अशा कामगाराने मान्यतापत्र मिळाल्यापासून ८ आठवड्यांत किंवा कपातीपासून १६ आठवड्यांत, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, प्रशिक्षणात नाव घालावे अशी अट होती. ज्या काळात घराचा हप्ता, मुलांचे शिक्षण आणि औषधपाणी यांचीच भ्रांत, त्याच काळात त्याने आपल्या उर्वरित आयुष्याचा व्यवसाय निवडावा, अशी कायद्याची अपेक्षा होती. करसवलत ६५ टक्के असली तरी उरलेले ३५ टक्के बेकारभत्त्यातून भरणे अनेकांना अशक्य असे. त्यामुळे या सवलतीचा लाभ पात्र कामगारांपैकी थोड्यांनीच घेतला.

या ठिकाणी महाविद्यालयीन अध्यापकांनी लक्ष द्यावे असा मुद्दा येतो. योजनेचा प्रत्यक्ष भार श्रम विभागावर जितका पडला तितकाच स्थानिक कम्युनिटी कॉलेजांवर पडला. कन्नापोलिसच्या परिसरात ही जबाबदारी रोवन-कबॅरस कम्युनिटी कॉलेजने उचलली. अंकगणित आणि वाचनापासून आरंभ करून माध्यमिक समकक्ष परीक्षा, पुढे वैद्यकीय साहाय्यक, वातानुकूलन-दुरुस्ती, कार्यालयीन काम असे अभ्यासक्रम उभे करावे लागले. प्रौढ शिकणाऱ्याला वर्गात बसण्याची लाज वाटते, परीक्षेची भीती वाटते आणि संगणकाचा माउस हाती धरतानाही तो बिचकतो, हे ज्यांनी प्रौढशिक्षणाचे काम केले आहे त्यांना सांगावयास नको. अनेकांनी ही परीक्षा जिद्दीने पार केली. प्रश्न त्यांच्या जिद्दीचा नव्हता. गिरणीच्या जागी गावात दुसरा मोठा मालक नव्हता आणि एकाच वेळी शेकडो माणसे सारखीच प्रमाणपत्रे घेऊन त्याच मोजक्या जागांसाठी उभी होती, हा खरा प्रश्न होता. गिरणीची धुराडी २००६ मध्ये पाडण्यात आली आणि त्या जागी जैवतंत्रज्ञानाचे संशोधनसंकुल उभे राहिले. नोकऱ्या आल्या, परंतु त्या बहुतांशी गिरणीकामगारासाठी नव्हत्या.

पुराव्यांचे वाचन

योजनेच्या मूल्यमापनाचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. म्हणून ते सावधपणे वाचावयास हवेत. लोरी क्लेट्झर यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, आयातस्पर्धी उद्योगांतून विस्थापित झालेल्या व पुन्हा कामाला लागलेल्या कामगारांचे वेतन सरासरी १३ टक्क्यांनी घटले. सुमारे एकचतुर्थांश कामगारांची घट ३० टक्क्यांहून अधिक होती. २००२ च्या कायद्याखालील लाभार्थ्यांचे जे मोठे शासकीय मूल्यमापन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात चौथ्या वर्षाअखेरही लाभार्थ्यांची कमाई तुलना-गटापेक्षा कमीच आढळली. योजनेच्या विरोधकांनी या निष्कर्षाचा भरपूर उपयोग केला. तथापि हा काळ २००८ च्या मंदीचा होता आणि प्रशिक्षणात घालविलेल्या वर्षांची कमाई बुडणे स्वाभाविकच होते.

हायमन यांचा अभ्यास याच्या उलट दिशेने बोट दाखवितो. प्रशिक्षणकाळात कामगारांनी अंदाजे १०,००० डॉलरचे उत्पन्न गमावले, पण दहा वर्षांअखेर त्यांची एकत्रित कमाई सुमारे ५०,००० डॉलरने अधिक भरली. मात्र हा वार्षिक लाभ ओसरत जाऊन दहाव्या वर्षाच्या सुमारास शून्यावर आला. म्हणजे प्रशिक्षण निरर्थक नव्हते, पण ते चिरस्थायीही नव्हते. एकदा शिकविलेले कौशल्य दहा वर्षांत जुने होते, हा धडा कोणत्याही कौशल्यविकास योजनेने घ्यावा असा आहे.

याहून अधिक अस्वस्थ करणारा पुरावा डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न व गॉर्डन हॅन्सन यांच्या २०१३ च्या प्रसिद्ध निबंधात आहे. चिनी आयातीची झळ ज्या प्रदेशांना अधिक बसली तेथे शासकीय मदतीचा ओघ वाढला, हे त्यांनी दाखविले. परंतु ही वाढ प्रामुख्याने अपंगत्वभत्ता, निवृत्तिवेतन व वैद्यकीय साहाय्य यांच्या रूपाने झाली. व्यापार समायोजन सहाय्याचा तीत वाटा अत्यल्प होता. ऑटर यांनी सहलेखकांसह केलेल्या पुढील अभ्यासाने १९९९ ते २०११ या काळातील चिनी आयातस्पर्धेमुळे गेलेल्या नोकऱ्यांचा अंदाज २० ते २४ लाख असा वर्तविला. या दोन निष्कर्षांचा एकत्रित अर्थ असा की, आयातीच्या आघातासाठी खास निर्मिलेली योजना आघाताच्या वेळी जवळजवळ अनुपस्थित होती आणि तिचे काम अपंगत्वभत्त्याने केले. धडधाकट कामगाराला स्वतःला अपंग ठरवून घेणे हे पुनर्प्रशिक्षणापेक्षा सोपे किंवा अधिक भरवशाचे वाटावे, यापेक्षा योजनेवरची कठोर टीका कोणती असेल?

टीकेच्या दोन परंपरा

या योजनेवर दोन बाजूंनी टीका झाली. पहिली टीका मुक्तबाजारवाद्यांची. यंत्रामुळे, मंदीमुळे वा ग्राहकाच्या बदललेल्या आवडीमुळे नोकरी गेलेला कामगारही तितकाच दुःखी असतो. मग आयातीमुळे बेकार झालेल्यालाच विशेष वागणूक का, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न तर्कशुद्ध आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष 'सर्वांना द्या' असाही असू शकतो. टीकाकारांनी तो 'कोणालाच देऊ नका' असा काढला. शिवाय केनेडी यांचा मूळ युक्तिवाद यात हरवतो. व्यापारकरारावर शासनाची स्वाक्षरी असते, नव्या यंत्राच्या शोधावर नसते. उत्तरदायित्वातील हा फरक हानीच्या सारखेपणाने पुसला जात नाही.

दुसरी टीका कामगार संघटनांची. आम्हाला नोकरी हवी, भत्ता नको; ही योजना म्हणजे आमचे तोंड बंद करण्याची किंमत होय, असे त्यांचे म्हणणे. योजनेच्या राजकीय इतिहासाकडे पाहता ही टीका निराधार म्हणता येणार नाही. तथापि तिचाही शेवट पर्यायशून्य होतो. आयात पूर्णपणे रोखली तरी कापडगिरणीतील स्वयंचलित माग थांबत नाहीत, आणि शुल्कवाढीचा भार त्या उत्पादनाचा कच्चा माल वापरणाऱ्या दुसऱ्या कारखान्यातील कामगारावर पडतो. संरक्षणाने गेलेल्या नोकऱ्या परत येतील या आशेवर, आज बेकार असलेल्याचा आधार काढून घेणे हे कामगारहिताचे धोरण ठरत नाही.

या दोन्ही टीकांच्या दृष्टीआड राहिलेला दोष योजनेच्या नावातच आहे. 'समायोजन' हा शब्द कर्ता बदलून टाकतो. बदल व्यापारधोरणाने घडविला, लाभ ग्राहकांना व भांडवलाला झाला, आणि जुळवून घ्यावयाचे ते मात्र कामगाराने. हानी गावाची झाली असताना उपाय व्यक्तीवर योजिला गेला. गिरणी बंद पडली की शाळेचा कर, दुकानाची उधारी, चर्चची वर्गणी आणि घराची किंमत एकाच वेळी ढासळते. अशा स्थितीत एकेका कामगाराची कौशल्यवृद्धी करणे म्हणजे विहीर आटली असता प्रत्येकाला नवी घागर देण्यासारखे आहे. घागर लागतेच, पण पाण्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

तुलनेची दोन टोके : युरोप आणि भारत

युरोपीय संघाने २००७ पासून जागतिकीकरण समायोजन निधी कार्यान्वित केला. आरंभी एका उद्योगात १,००० कामगारांची कपात ही अट होती; ती पुढे ५०० आणि २०२१ च्या नियमावलीत २०० वर आली. याहून महत्त्वाचे म्हणजे, २०२१ पासून कपात जागतिकीकरणामुळेच झाली हे सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही; मोठ्या पुनर्रचनेचे कारण कोणतेही असले तरी अर्ज करता येतो. अमेरिकी योजना ज्या खडकावर वारंवार आपटली, तो युरोपने बाजूला सारला. निधीची व्याप्ती मर्यादित असली तरी हा धडा मोलाचा आहे.

भारतात आयातीमुळे बेकार झालेल्यांसाठी अशी स्वतंत्र योजना नाही. बंद गिरण्यांतील कामगारांसाठी १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू झाली. तीनुसार पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य मिळे. येथे आयातीचा पुरावा नको होता, परंतु गिरणी कायदेशीररीत्या बंद झाल्याचा पुरावा हवा होता. १९८२ च्या संपानंतरच्या मुंबईत गिरणी चालूही नाही आणि अधिकृतपणे बंदही नाही ही अवस्था किती कामगारांच्या वाट्याला आली, हे या वाचकवर्गाला विस्ताराने सांगण्याची गरज नाही. उदारीकरणाबरोबर १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. पुनर्प्रशिक्षण व पुनर्नियुक्ती हा त्याचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात त्याचा बहुतांश पैसा सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. दरवाजा वेगळा असला तरी दारावरील पहारा तोच, असे म्हणता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, खुल्या व्यापारातून होणारा लाभ जर राष्ट्राचा असेल, तर हानीही राष्ट्राने वाटून घ्यावी, हे या योजनेमागील तत्त्व आजही ग्राह्य आहे. तिचे अपयश हे तत्त्वाचे अपयश नव्हे.

दोन, हानीचे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी हानी सोसणाऱ्यावर टाकली की योजना गरजेप्रमाणे चालत नाही. ती अधिकाऱ्याच्या आकलनाप्रमाणे चालते. कारणनिरपेक्ष, पण पुरेसा आणि आपोआप सुरू होणारा आधार हा अधिक न्याय्य मार्ग आहे. व्यापारधोरणाविषयीचे शासनाचे विशेष उत्तरदायित्व हे त्या आधाराच्या निधीची तरतूद करताना मान्य करता येते. प्रत्येक कामगाराची चौकशी करून ते सिद्ध करण्याचे प्रयोजन नाही.

तीन, प्रशिक्षण हे रोजगारनिर्मितीचा पर्याय होऊ शकत नाही. शिकविणाऱ्या संस्था कितीही तळमळीने काम करीत असल्या, तरी ज्या गावात मालकच उरला नाही तेथे प्रमाणपत्राला ग्राहक नसतो. कौशल्यविकासाचे अभ्यासक्रम आपल्याही महाविद्यालयांत वाढत असताना, त्या अपयशाचे खापर शिकणाऱ्यावर वा शिकविणाऱ्यावर फोडले जाणार नाही, याची दक्षता आपणच घेतली पाहिजे.

चार, जी मदत केवळ करार मंजूर करून घेण्याची किंमत म्हणून दिली जाते, ती कराराची गरज संपताच काढून घेतली जाते. म्हणून अशा साहाय्याचे स्थान व्यापार कायद्याच्या परिशिष्टात न राहता सामाजिक सुरक्षेच्या स्थायी कायद्यात असावे.

भारताने संयुक्त अरब अमिराती व ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये, युरोपीय मुक्त व्यापार संघाशी २०२४ मध्ये आणि ब्रिटनशी २०२५ मध्ये व्यापारकरार केले आहेत. या करारांचे लाभ काय होतील याची गणिते मांडली जातात व ती मांडलीही पाहिजेत. परंतु ज्या यंत्रमागाच्या, ज्या लहान कारखान्याच्या वाट्याला त्याची दुसरी बाजू येईल, तेथील कामगाराला आपण काय देऊ शकू, एवढे सांगून भागणार नाही. आपण काय देणार आहोत, हे स्वाक्षरीपूर्वी ठरवावे लागेल. अमेरिकेच्या ६० वर्षांच्या अनुभवातून घ्यावयाचा बोध हाच आहे.